मीटर रूमसाठी सीओटू की एबीसी? विजेच्या आगीचा सिलिंडर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात मजली, दोन विंगांची सोसायटी. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये रात्री केबल जळाली. वॉचमनने भिंतीवरचा लाल सिलिंडर मारला आणि आग विझली, पण सगळे मीटर, स्विच आणि बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) पिवळसर पावडरीने भरून गेले. आता कमिटीपुढे तीन कोटेशने आहेत. एक विक्रेता म्हणतो सगळीकडे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर लावा, दुसरा म्हणतो पावडरीचा एबीसी पुरतो, तिसऱ्याने क्लीन एजंटचा, म्हणजे डाग न ठेवणाऱ्या रसायनाचा, महागडा भाव दिला आहे. सेक्रेटरी विचारतात, विजेच्या आगीसाठी यातला नेमका कोणता घ्यायचा?

कोटेशनांकडे नंतर येऊ, कारण मीटर रूमचे काम थांबण्यासारखे नाही. एबीसी सिलिंडरमधली पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ती हवेतला ओलावा ओढते, ओलावली की आम्लधर्मी होते आणि तांबे, पितळ, सर्किट बोर्ड यांना खायला लागते. पावसाळी हवेत हे फार लवकर घडते. तापलेल्या भागावर पडलेली पावडर वितळून घट्ट थर धरते, तो झटकून निघत नाही. म्हणून सप्लाय बंद करून, लायसन असलेल्या वायरमनकडून व्हॅक्यूम आणि कोरड्या ब्रशने सगळी पावडर काढून घ्या. ओले फडके लावू देऊ नका. जिथे पावडर चिकटून बसली आहे ते लग (केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड) आणि स्विच बदललेलेच बरे. मीटर वीज कंपनीच्या सीलखाली असतात, त्यांना कंपनीच्या माणसाशिवाय कोणी हात लावू नये. १९१२ वर तक्रार नोंदवा. मेगर या यंत्राने वायरींचे इन्सुलेशन तपासल्याशिवाय सप्लाय पुन्हा चालू करू नका.

वॉचमनला मात्र कोणी बोल लावू नये. त्याच्या हाताशी जो सिलिंडर होता तो त्याने योग्य वेळी वापरला आणि इमारत वाचवली. चुकीचा सिलिंडर त्या भिंतीवर टांगणाऱ्यांनी टांगला होता.

आता मूळ मुद्दा. वीज स्वतः जळत नाही. जळते ते केबलचे पीव्हीसी, मीटरखालची लाकडी फळी, वर्षानुवर्षांची धूळ, ट्रान्सफॉर्मरचे तेल नाहीतर बॅटरी. वीज आग लावते, चालू राहिली तर विझलेली आग परत पेटवते आणि विझवायला गेलेल्याला धक्का देऊ शकते. म्हणूनच आपल्याकडच्या वर्गवारीत ए म्हणजे लाकूड-कापड-कागद, बी म्हणजे पेट्रोल-तेलासारखे द्रव, सी म्हणजे गॅस, डी म्हणजे धातू असे वर्ग आहेत आणि विजेला स्वतंत्र अक्षर नाही. अमेरिकेत मात्र सी हे अक्षर चालू विजेच्या उपकरणांसाठी वापरतात. तिथले तक्ते इंटरनेटवरून आपल्याकडे फिरतात आणि ‘सिलिंडरवर सी आहे, म्हणजे विजेला चालतो’ असे काही विक्रेतेही छातीठोक सांगतात. आपल्या सिलिंडरवरचा सी गॅसच्या आगीचा आहे. चालू विजेवर तो मारता येतो की नाही, किती व्होल्टपर्यंत आणि किती अंतरावरून, हे लेबलवर वेगळे लिहिलेले असते. ती ओळ शोधून वाचा, आणि नसेल तर तो सिलिंडर मीटर रूमजवळ लावू नका.

म्हणून माझ्या यादीत मेन स्विच पहिला आणि सिलिंडर दुसरा. सप्लाय तुटला की तीच आग साध्या प्लॅस्टिकची किंवा लाकडाची उरते. पण सोसायटीत ‘मेन पाडला’ म्हणजे सगळे बंद झाले असे सहसा नसते, आणि इथेच माणसे फसतात. मीटर रूममधला मेन स्विच पाडला तरी वीज कंपनीची केबल त्या स्विचच्या येणाऱ्या टोकापर्यंत चालूच राहते. ती बाहेरच्या फीडर पिलरमधून (वीज कंपनीच्या रस्त्याकडेच्या पेटीतून) कंपनीचा माणूसच बंद करणार. जनरेटर ऑटोवर असेल तर मेन जाताच थोड्या सेकंदांत तो आपोआप सुरू होतो आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या वायरींत पुन्हा वीज येते. म्हणजे ज्याने शहाणपणाने मेन पाडला, त्याच्याच पुढ्यातली तार पुन्हा जिवंत झाली. आधी जनरेटरचे इमर्जन्सी स्टॉप बटण, मग मेन, हा क्रम वॉचमनला पाठ हवा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन एमसीबी पाडूनही त्यावरचे पॉइंट चालू राहतात. गच्चीवर सोलर असेल तर उजेड आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतचा डीसी चालूच असतो, खालून काहीही बंद केले तरी. लिफ्टची मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्येही स्विच बंद केल्यावर काही मिनिटे चार्ज शिल्लक असतो.

हे सगळे एका पानावर लिहून मीटर रूमच्या दारावर बाहेरून लावा: कोणता स्विच काय बंद करतो, जनरेटरचे बटण कुठे, सोलरचा आयसोलेटर (वेगळा तोडायचा स्विच) कुठे, अग्निशमन दलाचा १०१ आणि वीज कंपनीचा १९१२. या पानाला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि तिन्ही कोटेशनांपेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देतो.

सप्लाय पूर्ण तुटला आहे याची खात्री नसेल, आणि मीटर रूममध्ये ती कधीच नसते, तर वीज वाहून न नेणारेच काही मारायला हवे. म्हणून तुमच्या मीटर रूमसाठी माझे उत्तर साडेचार किलोचे दोन सीओटू सिलिंडर हे आहे, आणि दोन्ही खोलीच्या बाहेर, दारापासून काही पावलांवर. आत लावलेला सिलिंडर आणायला आगीत शिरावे लागते. तरी कित्येक इमारतींत तो मीटर बोर्डाच्या शेजारीच टांगलेला दिसतो.

सीओटू का, तर तो मागे काही ठेवत नाही. सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात असतो, बाहेर येताना त्याचा वायू आणि बर्फाचा भुगा होतो, आणि आगीभोवतालचा ऑक्सिजन हटवून ज्वाळा मारतो. मीटर, एमसीबी, ड्राइव्ह यांवर डागसुद्धा राहत नाही. दोन का, तर तो भुगा उणे ७८ अंशांचा असला तरी आगीच्या मानाने इतका थोडा असतो, की तापून लाल झालेला लग त्याने गार होत नाही. ज्वाळा जाते, वायू पांगतो, हवा परत येते आणि पीव्हीसी पुन्हा पेट घेते. पहिला सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. त्यानंतरच्या दोन मिनिटांसाठी दुसरा हवा. ज्वाळा दिसेनाशी झाली म्हणून पाठ फिरवू नका.

याच सिलिंडरची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत. एक किलो सीओटूचा साधारण अर्धा घनमीटर वायू होतो. साडेचार किलोचा झाला सुमारे २.४ घनमीटर. तुमची मीटर रूम दोन बाय दोन मीटरची आणि अडीच मीटर उंच धरली तर एकूण हवा १० घनमीटर. म्हणजे एक सिलिंडर आत रिकामा केला की खोलीतल्या हवेचा पाचवा हिस्सा तरी सीओटू होतो. १० टक्क्यांच्या वर माणसाची शुद्ध फार लवकर हरपते. म्हणून आत शिरून, दार मागे लोटून सीओटू कधीही मारू नये. दारातच उभे राहायचे, पाठीमागे बाहेरची वाट मोकळी ठेवायची, दीड मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी रोखून मारायचा, मागे सरायचे आणि दार ओढून घ्यायचे. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे बेसमेंटमधल्या खोलीत तळाशी साचून राहतो. दार उघडे आणि पंखा चालू असे बराच वेळ ठेवल्याशिवाय कोणाला आत जाऊ देऊ नका. मारताना काळा हॉर्न हाताने पकडायचा नाही, कातडी गोठते. हॉर्नच्या मागचा दांडा किंवा मूठ धरायची.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये येत नाही ती म्हणजे वजन. साडेचार किलो हे आतल्या वायूचे वजन झाले. पोलादी नळकांड्यासकट तो पंधरा किलोच्या आसपास जातो. रात्रपाळीचा वॉचमन साठीचा असेल तर आधी त्याच्याकडून उचलवून बघा. झेपत नसेल तर त्या ठिकाणी दोन-दोन किलोचे तीन-चार ठेवा. उचलता न येणाऱ्या मोठ्या सिलिंडरपेक्षा ते कधीही बरे.

मग सगळीकडे सीओटूच का नको? कारण मीटर रूमबाहेर तो पुष्कळ ठिकाणी अपुरा पडतो. उघड्या पार्किंगमध्ये, गच्चीवर, वारा वाहत्या पॅसेजमध्ये वायू टिकतच नाही. शिवाय गादी, सोफा, लाकडी कपाट, कागदांचे गठ्ठे यांच्या आत धुमसणारा निखारा त्याने विझत नाही. बटणाच्या ठिणगीने पडदा पेटला तर पाच सेकंदांत ती पडद्याचीच आग झालेली असते. इथे एबीसीचे काम आहे. त्याची वितळलेली पावडर निखाऱ्यावर थर धरते आणि हवा तोडते. मीटर रूममध्ये तुम्हाला ज्या थराने त्रास दिला, तोच थर इथे घर वाचवतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ सहा किलोचा एबीसी राहू द्या, काढू नका. कुठल्याही जागेवरून सिलिंडरपर्यंत १५ मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये, असे आयएस २१९० हे भारतीय मानक सांगते. घरात एक-दोन किलोचा एबीसी पुरतो, आणि तो स्वयंपाकघराच्या आत न ठेवता बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावा. इन्व्हर्टर किंवा फ्रिजवर मारला तर ते उपकरण बहुधा जाईल. जाऊ द्या.

क्लीन एजंटवर तुमच्या कमिटीत वाद झाला असणार, कारण भाव एबीसीच्या कितीतरी पट असतो. तो चांगला आहे. डाग ठेवत नाही, विजेला चालतो, सीओटूइतका अंगावर येत नाही, हलका असतो. सीसीटीव्हीचा रॅक, इंटरकॉम आणि फायर अलार्मचे पॅनेल, तळमजल्यावर कोणाचे ऑफिस किंवा लॅब असेल तर तिथला सर्व्हर, अशा ठिकाणी दोन किलोचा एखादा घ्यावा. सात मजल्यांवर तो लावणे म्हणजे सभासदांचा पैसा वाया घालवणे. घेताना आत कोणते रसायन आहे ते लेखी मागा. एचएफसी-२३६एफए हे पुष्कळ ठिकाणी मिळते, पण ते हवामानाला अतिशय घातक आहे. भारताने २०२१ मध्ये मान्य केलेल्या किगाली करारानुसार असे वायू आपल्याला २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. दुसरे एक चांगले रसायन नोवेक १२३० या नावाने येत असे; ते बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर हे उत्पादन थांबवत असल्याचे २०२२ मध्येच जाहीर केले होते, तेच रसायन इतर कंपन्यांकडून मिळते. तेव्हा पाच वर्षांनी रिफिल कोण देणार, हे विक्रेत्याला आजच विचारा. हे वायू फार तापले तर त्यांचीही विषारी वाफ होते, म्हणून बंद खोलीत उभे राहून तेही मारू नयेत.

लिफ्टच्या मशीन रूमला मीटर रूमचाच नियम: सीओटू, दाराबाहेर. जनरेटरजवळ डिझेल आहे, जागा बहुधा उघडी आहे, तिथे एबीसी. आवारातला ट्रान्सफॉर्मर तुमच्या सिलिंडरांचा विषय नाही. तिथे ११ किंवा २२ हजार व्होल्ट आणि शेकडो लिटर तेल असते. माणसे लांब करा, १०१ आणि १९१२ ला फोन करा. फोममध्ये पाणी असते, तो चालू विजेवर मारायचा नाही. बादलीचे पाणी तर नाहीच. कोरड्या वाळूच्या बादल्या मीटर रूमबाहेर जरूर ठेवा, ठिबकणाऱ्या वितळलेल्या प्लॅस्टिकवर त्या कामी येतात, पण त्यांत पानाच्या पिचकाऱ्या आणि सिगारेटची थोटके साठू देऊ नका. आगीत फेकायचे बॉल कोणी विकायला आला तर मीटर रूमसाठी मी ते घेणार नाही: आत पावडरच असते आणि रोख धरता येत नाही.

छताला टांगायचा मॉड्युलर सिलिंडर मात्र विचार करण्याजोगा आहे. त्याच्या तोंडाशी काचेचा लाल बल्ब असतो, तो ६८ अंशांना फुटतो आणि सिलिंडर आपोआप सुटतो. मीटर रूमची आग बहुतेक वेळा रात्री, कुंपणाच्या फाटकावर बसलेल्या वॉचमनच्या नजरेआड लागते, तेव्हा याचा खरा उपयोग. तो घ्यायचा तर पावडरऐवजी क्लीन एजंटचा घ्या. क्लीन एजंटवर सोसायटीने मोठा खर्च करावा अशी ही एकच जागा मला दिसते.

आता इलेक्ट्रिक स्कूटर. प्रश्नात हे नव्हते, पण तुमच्या पार्किंगमध्ये त्या असणारच, आणि इथे सगळे बदलते. लिथियम बॅटरी आतून तापू लागली की सेल एकामागून एक फुटत जातात आणि ती उष्णता रासायनिक असते. बाहेरचा ऑक्सिजन हटवून ती थांबत नाही. सीओटू आणि एबीसीने ज्वाळा क्षणभर बसते, बॅटरी पुन्हा भडकते. तिला लागते ते भरपूर पाणी, सतत, बराच वेळ, गार करण्यासाठी. चार्जिंग पॉइंटचा सप्लाय तोडला असेल तर होज रीलने लांबून पाणी मारता येते, पण सोसायटीच्या माणसांचे पहिले काम लोकांना बाहेर काढणे, शेजारच्या गाड्या शक्य असेल तर हलवणे आणि १०१ ला ‘लिथियम बॅटरी आहे’ असे स्पष्ट सांगणे हेच. धूर विषारी असतो. बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावणारे बहुतेक जण ती मुख्य दाराशी, शू-रॅकजवळ ठेवतात. रात्री पेटली तर बाहेर पडायची एकमेव वाट तिनेच अडवली. ही सवय सोसायटीने नोटीस काढून थांबवावी, आणि चार्जिंगची जागा जिन्यापासून आणि मीटर रूमपासून दूर ठरवावी.

धुराबद्दल आणखी एक. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो घसा आणि फुप्फुसे जाळतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. त्यातली अनेक धुराने गुदमरून गेली. मीटर रूमचे दार उघडल्यावर धूर कमरेपर्यंत उतरलेला दिसला, किंवा पहिला सिलिंडर संपूनही ज्वाळा बसली नाही, तर दार ओढून घ्यायचे, लोकांना जिन्याने उतरवायचे आणि अग्निशमन दलाची वाट बघायची. मीटर रूमचा धूर जिन्यात आणि डक्टमधून वर जातो, म्हणून तिचे दार फट न राहता बंद होणारे असणे आणि केबल वर जाते ती भोके फायर सीलंटने बुजवलेली असणे हे कोणत्याही सिलिंडरइतकेच मोलाचे आहे. केबल जळाली ती बहुधा लूज लगमुळे. अॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारवर साध्या लगने बसवली की गरम-थंड होत होत ती सैल होते. बायमेटॅलिक (अॅल्युमिनियम आणि तांबे जोडलेले) लग बसवून घ्या आणि वर्षातून एकदा, संध्याकाळच्या पूर्ण लोडवर, थर्मल कॅमेऱ्याने बोर्ड तपासून घ्या.

खरेदीच्या वेळी सिलिंडरवर आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा. उत्पादनाचे वर्ष धातूवर कोरलेले असते. जुन्या सिलिंडरवर नवा रंग आणि नवे स्टिकर लावून विकणारे आहेत, म्हणून स्टिकरवर जाऊ नका. एबीसीला दाबाचे गेज असते, काटा हिरव्यात हवा. पण काटा हिरव्यात असूनही पावडर दमटपणाने गठ्ठा झालेली असू शकते, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत. अधूनमधून सिलिंडर उलटा-सुलटा करून आत पावडर सरकते का ते ऐका. सीओटूला गेज नसतेच. त्याचे रिकामे वजन मानेवर कोरलेले असते, तेव्हा तो तराजूवर ठेवूनच तपासायचा. आतला वायू १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर रिफिल. दर पाच वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने नळकांड्याची तपासणी) व्हायला हवी आणि तिची तारीखही कोरलेली हवी. तपासणीला येणाऱ्या माणसाने सोबत तराजू आणला नसेल, तर त्याने सीओटू तपासला नाही, एवढे नक्की धरा.

तुमची इमारत सात मजल्यांची असल्यामुळे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ तिला लागू आहे. त्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावे लागते. जबाबदारी सोसायटीची आहे, एजन्सीची सही झाली म्हणून ती संपत नाही. तेव्हा एजन्सीचा माणूस येईल त्या दिवशी कमिटीतल्या कोणीतरी त्याच्याबरोबर प्रत्येक सिलिंडरपर्यंत चालत जावे.

आणि जे सिलिंडर रिफिलला जाणार आहेत ते एजन्सीच्या टेम्पोत भरलेले पाठवू नका. आदल्या रविवारी सकाळी आवारात, मोकळ्या हवेत, लोकांना लांब उभे करून, वॉचमन, सफाई कर्मचारी, घरी असणाऱ्या बायका आणि कॉलेजची मुले, ज्यांना यायचे त्या सगळ्यांकडून पिन ओढवून ते एकेक वापरून घ्या. सीओटूचा आवाज आणि धक्का पहिल्यांदा अनुभवणारा माणूस दचकून मागे होतो. ते दचकणे त्या रविवारी होऊन जाऊ द्या.